डावा कान

"लावला की टक् करतो, आणि मरतो,"
हिल्क्का फोनवर एवढंच म्हणाली.
मी गाडीत मीटर टाकला, सोल्डर, जुने फ्यूज,
आणि नदी ओलांडून गेले. ओउलूत मार्च म्हणजे
बर्फ हटत नाही, पण उजेडही हट्टाला पेटलेला.

बूट दाराशी. कॉफी आधी, काम नंतर;
हा क्रम मोडणाऱ्या मेकॅनिकला इथे पुन्हा बोलावत नाहीत.
वेलदोड्याचा पाव चघळत मी लांबूनच पाहिलं:
रिसीव्हरच्या पाठीवर क्रोशाचा रुमाल,
रुमालावर कुंडी, कुंडीत जिरेनियम.
"अगं, यानं श्वास कुठून घ्यायचा?"
कुंडी खिडकीत गेली. रुमाल तिनं घडी करून
मांडीवर ठेवला, जणू त्याचीच चूक होती.

साधं आधी विचारायचं, बत्तीस वर्षांत एवढं शिकले.
प्लग नीट बसलाय? हेडफोनची पिन आत राहिलीय?
स्पीकर 'ए' की 'बी'?
लोक रागावतात. त्यांना मोठा आजार हवा असतो,
निदान लांबलचक नावाचा.
मागच्या आठवड्यात एका प्रोफेसरांनी
अख्खा ॲम्प्लिफायर उघडून सतरंजीवर मांडला होता,
आणि म्यूटचं बटण दाबलेलं.
मी काही बोलले नाही. बिल मात्र पूर्ण लावलं.

हिल्क्का रागावली नाही. प्रत्येक प्रश्नाला
"ते वेइक्को बघायचा," एवढंच.

लावला. लाल दिव्याची धुगधुगी, मग टक्,
मग पडद्यावर एकच शब्द: प्रोटेक्ट.
म्हणजे मेलेला नाही, बाई,
अंग चोरून बसलाय.

बॅटरी धरून मागे वाकले. धूळ, चार तारा,
आणि उजव्या स्पीकरच्या लाल-काळ्या टोकांमध्ये
तांब्याचा एक सुटा धागा, केसाएवढा.
केसानं गळा कापतात म्हणतात, तो असा.
"हे कपाट हलवलं होतं का?"
"नोव्हेंबरात. दवाखान्याचा पलंग आत येईना."
"मग?"
"डिसेंबरात तो परत गेला.
रेडिओ परवाच पहिल्यांदा लावला."

धागा कापला, टोकं पिळून नव्यानं कसली,
आवाजाची गोल कळ पंधरा-वीस वेळा फिरवून
तिचा खरखरता घसा स्प्रेनं साफ केला.
लावला. लाल दिवा. दोघी थांबलो.
मग टक्, पण या वेळी होकाराचं,
आणि बोथनियाच्या आखाताचं हवामान:
वारा वायव्येचा, सेकंदाला नऊ मीटर.

पण नुसता उजवीकडून. डाव्यानं मिठाची गुळणी धरलेली.
"तो कायमचाच गेलाय," हिल्क्का म्हणाली, "खूप वर्षं झाली."
तारा अदलाबदल केल्या: स्पीकर ठणठणीत.
मग रिले? की चॅनलच जळालाय?
मनात सुट्या भागांच्या किमती जुळवू लागले,
साधं आधी विचारायचं, तेच विसरून.

बॅलन्सची कळ. पुढच्या झडपेआड, बारीक,
उजवीकडे शेवटपर्यंत वळवलेली.

मी ती मधे आणली. डावा स्पीकर बोलला
इतक्या जवळून, की हिल्क्का उभीच राहिली.

"त्याचा डावा कान," ती म्हणाली, "कागदाच्या कारखान्यात गेला,
त्र्याण्णव साली. म्हणायचा, अर्धा आवाज
भिंतीला कशाला ऐकवायचा?"
आणि तू कुठे बसायचीस?
"त्याच्या डावीकडे. त्या बाजूनं
मला हवं ते बोलता यायचं."

वारा आता दोन्हीकडून वाहत होता.
तिनं थोडं ऐकलं, मग वाकून कळ धरली,
उजवीकडे नेली. पूर्ण नाही. थांबली.
किंचित मागे आणली.
मी सामान भरत होते; शेवटी कुठे ठेवली ते पाहिलं नाही.

बिलावर 'बिघाड'च्या रकान्यात लिहिलं: एक तार.
बूट चढवताना मागून हाक आली,
रुमाल अजून तिच्या हातात,
"कुंडी परत त्याच्यावर ठेवू ना?"
नको, म्हटलं. खिडकीतच राहू दे.
उजेड आहे तिथे.